लांब काचेचं मशीन

नवापूर
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

प्रिय रविना,

सलाम. तू आणि बाळ बरे असाल, सुरतेत पाऊस इथल्यासारखा धिंगाणा घालत नसेल, असं धरून चालते. आम्ही बरे आहोत. म्हणजे अजित बरा आहे. मी सकाळपासून तीनदा चहा उतू घालवलाय.

दुकानासाठी झेरॉक्सचं दुसरं मशीन घ्यायचंय. तू ऑफिसात काम करतेस, म्हणून तुला विचारते. एक नवं कोरं आहे, छोटं, रंगीत, फोटोही काढतं. दुसरं जुनं, दुरुस्त केलेलं, कपाटाएवढं धूड, पण काच लांब. अजित म्हणतो, नवं घे, गिऱ्हाईक चकचकीत बघून येतं. मी नंदुरबारला जाऊन दोन्ही मशीनवर एकच लांब कागद ठेवून पाहिला. पुन्हा ठेवला. पुन्हा ठेवला. विकणारा वैतागला, "ताई, तुमले मशीन लेवानं शे का कागद मोजाना शे?"

कागदच मोजायचा होता गं.

आपल्याकडचे कागद कुठे आखूड असतात? ग्रामसभेचा ठराव लांब, जबाब लांब. हे मला दुकान उघडतानाच कळायला हवं होतं. पण नव्याची नवलाई! घेतलं छोटं मशीन. लांब कागद आला की तो सरकवून दोन तुकड्यांत काढावा लागतो. गर्दी असली की मी तेवढंही करत नसे.

आता लिहितेच. फोनवर मी मधेच कच खाल्ली असती.

दोन वर्षांपूर्वी तुझा हेमराजदादा वनजमिनीच्या दाव्याचे कागद घेऊन माझ्याकडे आला होता. तुझ्या आजापासून, रेंग्याकाकांच्या बापापासून ती जमीन तुम्हीच कसता, असा गावातल्या चार म्हाताऱ्यांचा जबाब त्यात होता. तळाशी चार अंगठे होते, रविना. मी पाहिले. निळ्या शाईचे, चौथा जरा पुसट. माझ्या प्रतीत ते आलेच नाहीत, काचेबाहेर राहिले. पिन मारताना माझ्या लक्षात आलं. बाजारचा दिवस, दारात रांग. म्हटलं, चालतंय. दादाने न बघता कागद पिशवीत टाकले, माझ्यावर विश्वास म्हणून.

दावा परत आला, साक्षीदारांचे अंगठे नाहीत म्हणून. तोवर मूळ कागद घरात पावसाने भिजून लगदा झाला होता, आणि दोन म्हातारे वारले होते. तू म्हणालीस, दादाने अंगठे घेतलेच नाहीत, आळशाने बापाची जमीन घालवली. त्या दिवसापासून तू त्याच्याशी बोलत नाहीस. तो माझ्या दुकानात बसून म्हणाला होता, "घेतले होते गं ग्रेसी. तू तरी मान."

मी त्याला चहा दिला. बस, एवढंच केलं. मला माझीच शिसारी येते.

गुरुवारी अपिलाची सुनावणी आहे. काल मी सगळं कागदावर लिहून, सही करून दादाला दिलं. साहेबांसमोर मी स्वतः उभी राहून सांगणार आहे. अजित चिडलाय, "उद्या कोण तुझ्याकडे कागद घेऊन येईल?" न येवोत.

दादाने ते दोनदा वाचलं. ओरडेल म्हणून मी वाट बघत राहिले. त्याने फक्त विचारलं, "रविनाला सांगितलंस?"

माझ्याशी आयुष्यभर बोलू नकोस, चालेल. पण गुरुवारच्या आधी भावाशी बोल.

तुला खरं सांगायला जिने दोन वर्षं लावली, ती
ग्रेसी