मोठ्या हाडाचा मान

कोक-बुलाक, ४ ऑक्टोबर

ती. झुराकान एजेस, धाकट्या भावाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. बर्फ अजून खिंडीवरच बसून खाली उतरायचा मुहूर्त पाहतो आहे. आमच्या आरोग्य गटाने बाळंतिणींच्या उबदार खोलीसाठी अनुदानाचा अर्ज केला आहे. गेल्या हिवाळ्यात वाट बुजली नि बातमाकानची सून घसरगाडीतच बाळंत झाली, हे तू जाणतेसच. अर्ज परिचारिका झिपारकुलने लिहिला. निवड समितीवर तू आहेस, म्हणून मी काहीही मागत नाही. तुझ्या भावजयीने मात्र कुरुत पाठवायचा हट्ट धरला होता. त्या वाळवलेल्या दह्याच्या टणक गोळ्या स्वतः चावून मी तुझी इभ्रत राखली.

माया आटू देऊ नकोस.
काल्दारबेक

नारीन, २ नोव्हेंबर

चि. काल्दारबेक यास अनेक आशीर्वाद.

इभ्रतरक्षकाने दात सांभाळावेत. समितीत मौजच झाली. आपल्या मेजवानीत मांसाचे मोठे हाड वडीलधाऱ्याला, मग वयाच्या उतरंडीने इतरांना. गुणही तसेच वाटले गेले! ऐंशीच्या मामबेत आजोबांच्या गावाचा अर्ज पहिला, पंचविशीतल्या झिपारकुलचा शेवटचा. कुणाच्या मनात पाप नव्हते, हात सवयीने चालले. मी म्हटले, बाबांनो, ही पंगत नव्हे. नावे झाकू, ज्याने त्याने वेगळे गुण देऊ, कारणही लिहू. एक सदस्य रुसले, की मग आमची दाढी पिकली कशाला? नाव झाकूनही तुमचा अर्ज मला ओळखू आला. माहेरचा म्हणून मी उठले आणि बाहेर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसले. आत येते तो मामबेतच पहिले (अर्ज खरोखर उत्तम होता) आणि तुम्ही दुसरे. दोघांनाही अनुदान मंजूर.

मुलांना गोड पापा.
झुराकान

कोक-बुलाक, ९ डिसेंबर

ती. एजेस सा. न. वि. वि.

खोलीत शेगडी बसली. पण गावात एकच घोष: बहीण समितीवर, म्हणून मिळाले! झिपारकुल रडकुंडीला आली. म्हणाली, मास्तर, दारोदार फिरून माहिती मी जमवली आणि श्रेय एजेला? उद्या माझ्या सांगण्यावर कोण बाई विश्वास ठेवील?

तेव्हा भर सभेत मी तुझ्या बियांची कथा सांगितली. बातमाकान कडाडली, की सख्ख्या भावाच्या वेळी उठून बाहेर? बहीण म्हणावी की वैरीण! मग सगळ्याच बायका तुझ्यावर तुटून पडल्या. आता घरोघर तुझा उद्धार चालू आहे, आणि झिपारकुल एकटीने अनुदान खेचून आणणारी वाघीण ठरली आहे. काल दोन गर्भवती आपण होऊन तिच्याकडे आल्या.

एजे, तुझी अब्रू गेली. अभिनंदन.

तुझाच,
काल्दारबेक