पुढच्या वर्षीचे तुरे

दि. ४ सप्टेंबर

चि. भिंगरीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मामीने एकदा वाचून दाखवलं, मग मी एकटीने अक्षर लावत लावत पुन्हा वाचलं. माझी शाळा तिसरीतच आटोपली, त्यामुळे एक पत्र मला आठवडाभर पुरतं. मुलगी येणार तुझ्या घरी. सात वर्षांची, म्हणजे पुढचे दात पडून नवे आलेली, चालती-बोलती, आपलं आपण जेवणारी. मामीला म्हटलं, बघ माझी नात किती हुशार, दुपटी नाहीत, जागरणं नाहीत, एकदम दप्तर घेऊनच लेक आणली. मामी म्हणाली, असल्या गोष्टीची थट्टा करू नये. मी कुठे थट्टा करते. आनंद झाला की माझं तोंड सुटतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.

बालगृहातल्या बाई म्हणाल्या ना, की आधी सहा महिने राहील, जमलं तर मग कायमची. आणि याआधी दोन घरांतून ती परत आली, असंही तू लिहिलंस. ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. पोरीला परत करायचं म्हणजे ती काय पायाला न बसलेली चप्पल आहे? असो. आता आपलं घर तिला लागू पडलं पाहिजे, तेवढं बघू.

तुझी काळजी अशी की खोल्या दोन, भिंती पिवळट, घरमालक खिळा मारू देत नाही आणि सामान आणायला हात आखडता. अगं, खिळा कशाला हवा? खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत एक दोरी ताणून बांध. कपडे वाळत घालायचे चिमटे आहेतच. आता तुमच्याकडच्या थंड हवेत झाडांची पानं लाल-पिवळी होऊन गळतील, ती वेचून आण, गादीखाली कागदात घालून चार रात्री त्यांच्यावर झोप. इस्त्री केल्यासारखी होतात. तुझ्या शर्टांच्या कारखान्यात कॉलर कापून उरलेल्या चिंध्या फेकतात ना, त्या मागून आण. त्यांची एक माळ कर, पानांची एक कर, एक तिच्या पलंगावर लाव. इथे ओढ्याकाठी गवताला तुरे आलेत, हाताएवढे लांब आणि मांजराच्या शेपटीसारखे मऊ. ते मी पाठवते.

नियम मात्र एकच, तो मी माझ्या सासूकडून घेतला. ऋतू बदलला की सगळं एका दिवसात खाली उतरवायचं. एक पान ठेवायचं नाही. भिंत पुसायची, कचरा बाहेर, मग नवं लावायचं. अर्धं जुनं, अर्धं नवं ठेवलं की घराचा बाजार होतो. आणि उतरवताना हळहळायचं नाही.

नातजावयांना सांग, लिफ्ट दुरुस्त करताना जपून. वर-खाली करणाऱ्या यंत्रात हात घालायचा, मला ते ऐकूनच गरगरतं.

थांबते. माया आहेच, ती इकडेही लागते हे विसरू नकोस.

तुझी आजी

---

दि. १२ ऑक्टोबर

ती. आजीस,

भिंगरीचा सा. न. वि. वि.

ती आली, त्याला आता दहा-बारा दिवस झाले. तुझी दोरी बांधली आहे. लाल पानं, पिवळी पानं, मधे निळ्या पट्ट्यांच्या कॉलरच्या चिंध्या. ह्यांनी कुठूनशी तांब्याची बारीक तार आणून दिव्याला शेंगांची झालर केली. शेजारीण बघायला आली आणि विचारून गेली की कुठल्या दुकानातून आणलं. मी तुझं नाव सांगितलं. दुकान कुठे आहे म्हणाली.

तुझे तुरे अजून आलेले नाहीत.

मुलीबद्दल काय लिहू? त्रास म्हणशील तर काडीचा नाही. तोच तर घोर आहे. ताटात वाढलेलं सगळं खाते, सकाळी पांघरुणाची घडी घालते, पाणी पिऊन झालं की पेला धुऊन पालथा घालते. मला मावशी म्हणते, ह्यांना काका. कपाटात तिला एक कप्पा दिलाय, त्यात शाळेचे दोन गणवेश ठेवलेत, बाकी सगळं तिच्या निळ्या पिशवीत. चेन लावलेली पिशवी पलंगाखाली, हाताला येईल अशी. मी एकदा म्हटलं की दे, कपडे लावून ठेवते. तर म्हणाली, असू दे मावशी, मला सोपं पडतं.

एकच गोष्ट चांगली. झोपताना ती पलंगावरच्या माळेतलं शेवटचं पान बोटाने हलवते, ते थांबेपर्यंत बघते, मग डोळे मिटते. रोज तेच पान. मी दाराआडून बघते आणि कामाला लागते.

मामा-मामींना नमस्कार. तुझा आशीर्वाद असाच पत्रातून धाडत जा.

तुझी भिंगरी

---

दि. ८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

आजीचे आशीर्वाद, त्यातले निम्मे माझ्या पणतीला. वि. वि.

पान हलवते म्हणालीस ना, तेव्हापासून मी ओळखीच्या सगळ्या बायकांना ते सांगून झालं. मामी म्हणते, आता भाजीवालीला तरी सोडा. भाजीवालीनेच आपणहून विचारलं होतं.

तुऱ्यांचं काय झालं, तर मामाने टपालात टाकावी म्हणून मी जुडी बांधून दाराशी ठेवली होती. मामीला वाटलं नवीन झाडू आणलाय. तिने तो माळ्यावर ठेवला, जुना अजून चालतोय म्हणून. मला वाटलं त्याने टाकली, दोन महिने मी आपली टपालवाल्याला बोल लावतेय. काल ती माळ्यावर चढली तेव्हा उलगडा झाला. तिच्यापुढे मी नुसती हसले, त्याचा तिला जास्त राग आला. आता या पत्राबरोबर पाठवते. उशीर झाला खरा, पण थंडीच्या दोरीवर लोकरीच्या गोंड्यांमधे चालतील. गोंडेही घातलेत, तुझ्या मामाचा स्वेटर उसवून केले. त्याला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा आता पानं काढ. थंडीत ती काळी पडतात आणि त्यांचा भुगा गादीवर पडतो. नियम लक्षात आहे ना, एका दिवसात सगळं.

पिशवीचं मनाला लावून घेऊ नकोस. लग्न होऊन सासरी आले तेव्हा मीही वर्षभर दागिन्याचा डबा उशाशी घेऊन झोपायचे, आणि त्यात दागिना एकच होता.

पोरीला थंडीचं कानाला बांधत जा. पत्र लवकर टाक, मला दम निघत नाही.

तुझी आजी

---

दि. २१ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न.

ख्यालीखुशाली मागाहून. आधी काय झालं ते लिहिते.

मंगळवारी कारखान्यात वीज गेली आणि दुपारीच सुट्टी झाली. म्हटलं, ती शाळेतून यायच्या आत दोरी बदलून टाकू, आल्या आल्या तिला गंमत दिसेल. तू सांगितलंस तसं सगळं उतरवलं, तिच्या पलंगावरची माळसुद्धा. पोत्यात भरून खाली कचऱ्याच्या पिंपाशी ठेवून आले. भिंत ओल्या फडक्याने पुसली. तुरे आणि गोंडे टेबलावर मांडतच होते, तेवढ्यात ती आली.

दारातच उभी राहिली. भिंतीकडे बघितलं, पलंगाकडे बघितलं. आत गेली, निळी पिशवी घेऊन बाहेर आली आणि दाराजवळच्या स्टुलावर बसली. बूट काढलेच नव्हते. मी म्हटलं, हे काय. तर म्हणाली, मावशी, गाडी किती वाजता येणार?

मला आधी कळेचना. गोंडे दाखवले, छान आहेत म्हणाली, उठली मात्र नाही. जेवायला बोलावलं तर म्हणाली, गाडीत उलटी होते, म्हणून खात नाही. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. ती रडत नव्हती गं, नुसती तयार होती.

हे संध्याकाळी आले. खाली फरशीवर तिच्याशेजारी बसले आणि कुठे निघालीस असं न विचारता, याआधी असं कुठे झालं होतं, ते विचारलं. तेव्हा तिने सांगितलं. आधीच्या घरी तिने काढलेलं चित्र तिथल्या बाईंनी भिंतीवर लावलं होतं. एक दिवस ते काढलं, साफसफाई करतोय म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली.

हे अंगावरचा गणवेशही न बदलता खाली गेले. पोतं तिथेच होतं, वर कुणीतरी पुठ्ठे टाकलेले. निम्मी पानं चुरलेली. जी धड होती ती तारेत ओवून त्यांनी पुन्हा पलंगावर बांधली. शेळीने चावून टाकल्यासारखी दिसते माळ. ती स्टुलावरून सगळं बघत होती. शेवटची गाठ मारल्यावर उठली, बूट काढले आणि गार झालेलं जेवली. पण पिशवी आता पलंगाखाली नसते. ती पायाशी घेऊन झोपते.

महिना-दीड महिन्यात जे काही जमलं होतं, ते मी एका दुपारी पुसून टाकलं असं वाटतं. गोंडे टेबलावर तसेच पडलेत. लावू की नको, तेवढंही ठरवता येत नाही. तू सांग.

तुझी भिंगरी

---

दि. २७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

नियम माझा होता, म्हणून तू स्वतःला बोल लावू नकोस. तू फक्त आजीचं ऐकलंस, आणि तेही आयुष्यात पहिल्यांदाच.

मी चार दिवस विचार करत होते. माझ्या सासूला तिच्या घरातून कुणी कधी हलवलं नाही. मलाही नाही. म्हणून भिंत मोकळी केली तरी आम्हाला ती साफसफाईच वाटायची. या पोरीने मोकळी भिंत पाहिली ती गाडीच्या आदल्या दिवशी. तिच्या जागी मी असते तर मीही बूट काढले नसते.

तर आता तो नियम गुंडाळून ठेव. तू काहीही उतरवायचं नाहीस. गोंडे लावायचे असतील तर तिला विचारून, जुन्या पानांच्या अधूनमधून. पसारा दिसला तर दिसू दे. पानांचा भुगा पडला तर गादी झटक. काय कधी काढायचं ते ती ठरवेल, आणि तिने उन्हाळ्यापर्यंत काही काढलं नाही तर तुझी भिंत काही पडत नाही. काढलेलं कचऱ्यात टाकायचं नाही, घरातच ठेवायचं. त्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पाठवते. झाकण जरा चेपलंय, अंगठ्याने दाबलं की बसतं. डबा तिच्या हातात दे आणि सांग, पणजीने तुला सोपवलाय, आत काय ठेवायचं ते तूच बघ. एवढंच सांग. वर उपदेश करू नकोस, तुझी ती सवय मामीवर गेली आहे.

मीही इथे दारावर लावलेली पानांची माळ काढलेली नाही. मामी येता-जाता तिच्याकडे बघते आणि माझ्याकडे बघते. काल तिने तिच्यावरची धूळ पुसली, पण उतरवली नाही.

नातजावयांना माझा खास आशीर्वाद. तो पोतं उचलायला खाली गेला ना, ते मी विसरणार नाही. लिफ्ट होती की जिना उतरला?

आता पत्राची वाट बघते. उशीर केलास तरी माया कमी व्हायची नाही, पण करू नकोस.

तुझी आजी

---

दि. ९ एप्रिल

ती. पणजीस,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी लिहिते आहे. आई म्हणाली, नमस्कार कसा घालायचा ते मी सांगते, पुढचं तुझं तू लिही. आई आत्ता कारखान्यातून आणलेल्या चिंध्या धुते आहे.

डबा मिळाला होता. झाकण बसतं. गोंडे आम्ही पानांच्या मधे लावले. मग पानं फार पडायला लागली तेव्हा मी काढली. आईला हात लावू दिला नाही. बाबा स्टूल धरून उभे होते. शेवटचं पान मी ठेवलं आहे, ते अजून माळेवर आहे. मग थंडी गेली तेव्हा गोंडे काढले. आता दोरीवर कागदाचे मासे आहेत. एक बाबांनी केला आहे, तो माशासारखा दिसत नाही, पण आम्ही लावला.

गोंडे आणि चिंध्या डब्यात मावल्या. तुमचे तुरे लांब आहेत, ते डब्यात घातले तर मोडतात. म्हणून ते मी पुढच्या वर्षासाठी माझ्या पिशवीत ठेवले. पिशवी तुऱ्यांनीच भरली. मग माझे कपडे कपाटात ठेवावे लागले. आईने दुसरा कप्पा रिकामा करून दिला.

मागच्या आठवड्यात बालगृहातल्या बाई आल्या होत्या. त्यांनी आई-बाबांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, तुला इथे राहायचं आहे की परत यायचं आहे. मी त्यांना सांगितलं, मला येता येणार नाही, पिशवीत तुरे आहेत. त्यांनी पिशवी उघडून बघितली. मग त्यांनी कागदावर लिहिलं. बाहेर आल्यावर त्यांनी आईला काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण आईने त्यांना दोनदा चहा दिला.

तुम्ही तुरे उशिरा पाठवले होते. त्यामुळे पानं नवी होती तेव्हा ते लावता आले नाहीत. पुढच्या वर्षी वेळेवर पाठवा. झाडूजवळ ठेवू नका.

तुमची पणती

---

दि. १६ एप्रिल

चि. पणतीस,

पणजीचे सगळेच्या सगळे आशीर्वाद, या वेळी तुझ्या आईला वाटा नाही.

तुझी तक्रार पोचली. मी स्वतः वाचली, एकेक अक्षर, आणि मग मामीला मोठ्याने वाचून दाखवली. झाडूच्या ओळीला ती उठून आत गेली. आत हसत होती.

ओढ्याकाठी अजून गवताला तुरा नाही, नुसती हिरवी पाती आहेत. तरी काल काठी टेकत जाऊन बघून आले. कापायचे कुठले, ते ठरवून ठेवलं आहे. तुरे लांबच असतील, तेव्हा पिशवी तशीच राहू दे.

वेळेवर मिळतील.

तुझी पणजी