खुणा दादाच्या, खाचा माझ्या

४ फेब्रुवारी

पुन्हा! पटाशी निसटली, खाचेचा काठ उडाला. तुकडा भुशात लपवला. उजवा हात थरथरतोय — दोन महिने झाले. दादाला कळता कामा नये. तो ओरडणार नाही. मायेनेच म्हणेल, "तू आता बस, नुसतं पॉलिश कर." झालं! वीस वर्षांचं सुतारकाम तिथेच संपलं. मला भीती वाटते. खरंच वाटते.

५ फेब्रुवारी

कोपऱ्यात खाचा कोरणारा विजेचा राउटर धूळ खात पडलाय. त्याला जखडून ठेवणारा साचा केला तर खाच यंत्रच पाडेल. मी फक्त पुढे-मागे ढकलायचं. हात थरथरला तरी जाणार कुठे?

दादाला सांगितलं, काम लवकर उरकेल. "कर बापडे," म्हणाला. यंत्र म्हटलं की नाक मुरडणारा हा माणूस — इतक्या सहज?

९ फेब्रुवारी

प्लायची लांबट पेटी. आत खुर्चीचा पाय आवळायचा, वर राउटर, त्याला आवरायला दोन बाजूंना पट्ट्या, दोन्ही टोकांना अडसर. पहिलीच खाच — भगदाड! पट्ट्या ढिल्या.

वहिनी चहा घेऊन आली. "हे उंदराने केलं का गं?" मला हसू आलं नाही. कप डाव्या हाताने घेतला.

१० फेब्रुवारी

पट्टीमागे वहीचा पुठ्ठा चिकटवला. तरी हलतंय. चिडचिड! वहिनीशी उगाच भांडले. नंतर भांडी घासून दिली.

११ फेब्रुवारी

आणखी एक कागद. बसलं!!

१४ फेब्रुवारी

वाचनालयाच्या चार खुर्च्या, सोळा पाय. लाकडाची चांगली बाजू दादा निवडतो, तिच्यावर पेन्सिलीने फुली मारतो. मी लाकूड न बघता फक्त फुली बघते, ती बाजू समोर धरून खाचा पाडते. जेवायच्या आत सोळाही संपवले! कुसू, म्हणजे आडव्या दांडीचं तासलेलं टोक, खाचेत सरकताना हवा फुस्स करून बाहेर येते, इतकं घट्ट. एकटीच हसत बसले. हात थरथरत होता, खाचेला पत्ताही नव्हता.

१५ फेब्रुवारी

खुर्च्या डिंक न लावता नुसत्या जुळवल्या. नऊ पायांच्या गाठी ऐन समोर! काळ्याकुट्ट, अंगठ्याएवढ्या. स्वच्छ बाजू मागे. नऊ पाय वाया!

आधी वाटलं, मीच उलटे लावले. साचा तपासला, मापं तपासली. मग फुल्या पाहिल्या. गाठीवरच फुली! दादाचीच. दारातून लाकडाची गाठ ओळखणारा दादा!

डोकं फिरलं. "डोळे मिटून खुणा करतोस का रे? माझी एवढी मेहनत मातीत घातलीस!" तो गाठीवरून अंगठा फिरवत राहिला, मग चपला घालून बाहेर गेला. मोठ्या भावाला असं बोलले. जेवण गेलं नाही.

१६ फेब्रुवारी

अबोला. नवे नऊ पाय कापले. खुणा त्याने केल्याच नाहीत, मलाही करायला सांगितलं नाही. मी आपल्या केल्या.

१७ फेब्रुवारी

सकाळी दादा म्हणाला, "चल जरा." डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्याला उजव्या डोळ्याने दिसेना, डाव्याने जेमतेम. वर्ष झालं म्हणे! मला रडूच कोसळलं.

उठताना तो डॉक्टरांना म्हणाला, "आता हिचा हात बघा."

"दादा, हे डोळ्यांचे डॉक्टर आहेत! आणि तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पटाशीवर तुझा ठोका पूर्वीसारखा पडत नाही गं. ऐकतोय ना मी."