तळ्याला दिलेला शब्द

रविवार, ३ मे
नवं घर लावता लावता निम्मी सुट्टी संपली. गाडी गॅरेजात पडली आणि ह्यांनी दाखवलेलं सहलीचं गाजर गाजरच राहिलं. म्हणून आज डबा घेऊन तिघं पायीच निघालो. मागच्या गल्लीच्या टोकाला जुन्या टायरांचा ढीग आहे, त्याच्या पलीकडे कुंपणाला भगदाड. आमची लेक भिंगरी त्यातून घुसली, तिच्यामागून आम्ही, आणि समोर चक्क तळं. घराच्या इतकं जवळ, तरी घरमालकीण कधी अवाक्षर बोलली नव्हती. हे म्हणाले, तिला ठाऊक असतं तर भाडं वाढवलं असतं. पाणी स्वच्छ, माणूस एकही नाही. उकडलेली अंडी खाल्ली, पाय बुडवून बसलो. किती दिवसांनी मी मनापासून हसले.

निघताना भिंगरी पाण्याला म्हणाली, जाते मी. माझी आई मला दटावायची तसंच मी तिला दटावलं, की जाते म्हणू नये, येते म्हणावं. पोरगी लगेच वळली आणि हात हलवून शहाण्यासारखं म्हणाली, येते हं. घरी पोचेपर्यंत आम्ही दोघं तिची नक्कल करत होतो.

मंगळवार, ५ मे
सकाळी भिंगरीच्या चपला ओल्याचिंब. दाराला आतून कडी. विचारलं तर म्हणे, तळं विचारत होतं, कधी येतेस. मी म्हटलं, एवढं अगत्य तुझ्या आत्यानेही कधी दाखवलं नाही. हे पेपराआडून नुसतेच खाकरले.

गुरुवार, ७ मे
स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसतंय. टायर नाहीत, कुंपण नाही. हे म्हणतात, आधीपासूनच दिसत असेल, आपलंच लक्ष नव्हतं. ही काच मी परवाच पुसली आहे. मला भीती वाटतेय. भिंगरी वेणी घालून, बूट चढवून मागच्या दारात बसली आहे. मी येते म्हटलंय ना, म्हणते. बोललेलं पाळायचं, हेही मीच शिकवलेलं.

शुक्रवार, ८ मे
गाडी आली. मिळेल ते सामान कोंबलं, आत्याकडे निघालो. मोठा रस्ता तळ्यात जाऊन संपला. वळलो. दुसरा रस्ताही — तळ्यातच. भिंगरी सारखी गाडीचं दार उघडायला बघत होती. परत घरी. मी मागच्या दारातून पाण्याला ओरडून सांगितलं, ती येणार नाही. पाणी एक पायरी वर चढलं.

शनिवार
पाणी स्वयंपाकघरात. हे भिंगरीला कवटाळून बसलेत. ती म्हणते, शिकवणारी आली तरी तळ्याला चालेल. म्हणजे तिच्याऐवजी मी.

मग ठरलंच. ह्यांना सांगितलं, काही झालं तरी तिचा हात सोडू नका.

जिन्यावर बसून लिहितेय. भिंगरीने विचारलं, आई, कुठे चाललीस. सवयीने जीभ वळलीच होती — आवरली. येते म्हटलं की यावं लागणार, आणि माझ्यामागून तळंही घरात — नको. जाते, म्हटलं.

तिने डोळे वटारले. म्हणाली, जाते म्हणू नये, आई. येते म्हण.

माझी बाही धरून ठेवलीय. हे ओढताहेत, सोडत नाही. म्हटल्याशिवाय जाऊ देणार नाही म्हणते. रडतेय. पाणी तिच्या बुटांना — एकदा म्हण ना, आई, म्हणते, एकदाच —