आईच्या मापाचं स्टूल

चि. धाकट्यास,

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं आधी लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. तुझी तब्येत, तुझ्या बायकोचा खोकला आणि तुझ्या साहेबाचा राग, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालते, कारण तू कळवत नाहीस. तुला बोलवायला हे पत्र नाही. तुला सवड नाही हे मला पाठ झालंय, आता आईलाही झालंय. फोनवर तू नुसता "हं, हं" करतोस आणि दोन वाक्यांत माझं डोकं फिरतं, म्हणून लिहिते. कागद मधेच "ताई, मीटिंग आहे" म्हणत नाही.

तर मोरीतलं प्लास्टिकचं स्टूल. आई अंघोळीला बसली आणि त्याचा एक पाय फाकला. (आई पडली नाही, जरा घसरली, असं तिनं मला तुला सांगायला लावलं होतं. पडलीच. कमरेवर वांग्याच्या रंगाचा डाग होता.) तेव्हापासून ती फरशीवर बसून अंघोळ करते आणि उठताना नळाला लोंबकळते. शेजारचा नळवाला म्हणाला, "ताई, नळ पाण्यासाठी असतो, माणूस उपसायला नाही." तू म्हणालास, भक्कम स्टूल पाठवतो. ते अजून वाटेत आहे. चालत येत असेल, चार पाय आहेत त्याला.

शेवटी म्हटलं, जन्मभर ब्लाउज शिवले, त्यापुढे स्टूल काय अवघड? चार पाय आणि एक फळी. ना गळा, ना बाही. लाकडाच्या वखारीत गेले तर वखारवाला विचारतो, "मावशी, घरात पुरुषमाणूस नाही का कुणी?" म्हटलं, आहे एक, फोनमध्ये राहतो. करवत नळवाल्यानं दिली, तीही लोखंडी पाइप कापायची. तिनं लाकूड कापलं जात नाही, कुरतडलं जातं. अख्खी दुपार उंदरासारखी कुरतडत बसले. खुणा शिवणाच्या खडूनं केल्या, बारीक खिळे मारून सगळं आधी कच्चं टाचून घेतलं, इथवर माझं डोकं जागेवर होतं. पण हाताची खोड कुठं जाते? कापड बेतताना शिलाईला दोन बोटं जास्त सोडायची, तशी मी प्रत्येक पायाला वर दोन बोटं आणि खाली दोन बोटं सोडली. (आत दुमडायला.) चारही पाय ठोकून झाल्यावर ध्यानात आलं की लाकूड दुमडत नाही. मग बसून स्वतःला शिव्या दिल्या, त्यात दोन-चार तुझ्या नावाच्याही घातल्या.

फळी मात्र बिनचूक होती. आईचं माप मला घ्यावं लागत नाही. तिचे परकर मीच शिवते, सगळं तोंडपाठ. त्या मापानं फळी कापली होती. आईला वर बसवलं, तर पाय अधांतरी, आणि दोन्ही बाजूंना एवढी जागा मोकळी की शेजारी आणखी एक म्हातारी मावली असती. मी ओरडले, अशी कडेला काय बसलीस, नीट बस की! ती म्हणाली, "अगं, मधोमधच बसलेय."

मग टेप काढली. किती भरलं ते तिला सांगितलं नाही, तुलाही सांगत नाही. इतके दिवस मी जुन्याच मापाचे परकर शिवतेय आणि ही बाई मुकाट्यानं नाडी आवळून नेसतेय. का नाही बोललीस म्हटलं, तर म्हणे, "तू हौसेनं शिवतेस, कशाला नावं ठेवायची?" मला असा राग आला की पुन्हा करवत उचलली आणि चारही पाय कापून बुटके केले. फळीला करवत लावायचं मात्र मन झालं नाही. राहू दे तेवढी रुंद.

तर स्टूल तयार आहे. दिसतं खंगलेल्या म्हशीसारखं, पण डुगडुगत नाही. मी स्वतः वर उभी राहून नाचून पाहिलंय. तेव्हा तुझं ते वाटेतलं स्टूल माघारी बोलव. तूही येऊ नकोस. आमचं चाललंय.

तुझी,
ताई

ता. क. आई त्यावर बसत नाही. पुसून-बिसून बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ठेवलंय आणि वर माझा नवा पडदा घातलाय. म्हणते, "तो आला की बसेल कुठं? कंबर दुखते त्याची, फोनवर म्हणाला होता." स्वतः अजून फरशीवरच. मी ओरडले, गोड बोलले, एकदा उचलून मोरीत नेऊन ठेवलं, तर त्या दिवशी अंघोळच केली नाही. का, तर तुझं स्टूल भिजेल. म्हणून आता तू ये. काही आणू नकोस. तिच्यादेखत एकदा त्यावर बस, झकास आहे म्हण, आणि ऊठ. (फळी तुला बरोबर होईल, काळजी नको.) तुझी पाठ वळली की ते मोरीत न्यायचं माझ्याकडे लागलं.

आणखी एक. सवडीनं येतो म्हणू नकोस. कालपासून मोरीतला नळ हलायला लागलाय.