हातांवरचे पाणी

सौ. भागीरथीस अनेक आशीर्वाद.

मी, राधाकृष्ण कारभारी ढवळे, बी. कॉम., खरेदी-विक्री संघाचा व्यवस्थापक आणि तुझा पती, तुला कोल्हारहून परत बोलावण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

त्या दिवशी टँकरवरून आणलेली घागर उतरवून तू दम घेत होतीस, तेवढ्यात मी ती निम्मी हातांवर ओतली. "अहो, हात हायेत का तांब्याचा हंडा? किती घासाल?" असे म्हणून तू हसलीस. दुसऱ्या दिवशी मात्र कोल्हारला माहेरी गेलीस.

हात स्वच्छ आहेत हे मला दिसते. तरी धुतल्याखेरीज चैन पडत नाही. हे मी आजवर शिस्त म्हणून खपवले. आता टँकरच्या रांगेत स्वतः उभा राहतो. खांदा सुजला आहे, पण धुणे थांबत नाही. नगरला अशा दुखण्याचे डॉक्टर आहेत म्हणतात. सोमवारी जाणार आहे.

इतके लिहिताना तीनदा उठलो. ओल्या बोटांनी तुझ्या नावाची शाई फुटली, ते पुन्हा लिहिले.

पत्र टाकले तर तू येशील, आणि आल्याबरोबर घागर उचलशील. म्हणून टाकत नाही.

राधाकृष्ण का. ढवळे
जामखेड, दि. १७ एप्रिल १९७३