कडूसं

सदलगा,
१२ जानेवारी २०२५

चि. अभिनंदन यास,
जय जिनेंद्र आणि आक्काचे आशीर्वाद.

इकडं सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, ऐकू मात्र स्वच्छ येतं. तुझं कथांचं पुस्तक पोचलं. दुसरी आवृत्ती छापायला जाणार आहे, चुका दिसल्या तर कळव, असं लिहिलंयस. केवढी नम्रता! घे, कळवते.

मागं शब्दार्थ दिलेस. 'कडूसं : लोप पावलेला शब्द. अनामिक हुरहूर लावणारी सांजवेळ.' लोप पावलेला? शेजारची अक्काताई रोज ओरडते, "कडूसं पडलं, म्हशी बांधा." आणि हुरहूर कसली रे? आपल्या जैनाच्या घरात कडूसं पडलं की चूल बंद आणि तोंडही बंद, थेट दिवस उगवेपर्यंत. खासबागेत फ्लॅट घेतला की माणूस एवढं विसरतो?

पान बेचाळीस. 'कडूसं पडलं की आई ताटं वाढून माझी वाट पाहायची.' वाचक रडले असतील. ताटं नव्हे रे शहाण्या, ताट. वरचं टिंब काढ. तुझी कॉलेजची एसटी कधी वेळेवर आली होती? आप्पा आणि मी उजेडात जेवून उठायचो. आई "अभ्या आला की बसतो" म्हणत दारात उभी. तू यायचास तोवर कडूसं पडलेलं. मग शिकणारं पोर म्हणून तुला सूट, तुला वाढायची; स्वतः पाण्याचा थेंबही नाही. तू विचारायचास, "जेवलीस?" ती म्हणायची, "व्हय, कवाच." की लगेच तू भाकरी मोडायचास. तीन वर्षं एकदाही मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाहीस, आणि आता लेखक म्हणवतोस.

मला सगळं दिसत होतं. तुला सांगितलं नाही. लिहायचं नव्हतं, पण लिहिते. मला दहावीनंतर घरी बसवलं, आणि माझ्यासाठी ती एकदाही उपाशी राहिली नाही. त्याचा राग होता. अजून आहे.

काल तिला ते पान वाचून दाखवलं. म्हटलं, "एक टिंब चुकलंय, काढायला लिहिते." ताटाचं सगळं समजावून सांगितलं. तिनं पुस्तक माझ्या हातातून घेऊन मिटलं. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. पुस्तकात तरी जेवू दे की मला त्याच्यासंगं."

टिंब काढू नकोस.

तुझी, रोज वेळेवर पोटभर जेवलेली,
पद्मावतीआक्का